पर्युषणात भेटणाऱ्या चार आया



पर्युषणात उपाश्रयात कल्पसूत्राचं वाचन होतं आणि स्थानकात अंतगडसूत्राचं. माझं माहेर मंदिरमार्गी, सासर स्थानकवासी, त्यामुळे दोन्ही ऐकायचं भाग्य मला मिळालं. ऐकता ऐकता बऱ्याच वर्षांनी एक गोष्ट ध्यानात आली. या दोन सूत्रांत मिळून आपल्याला चार आया भेटतात: त्रिशला, देवानंदा, सुलसा आणि देवकी. एकीचा गर्भ हलायचा थांबतो, एकीचा गर्भ कुशीतून जातो, एकीची बाळं निष्प्राण जन्मतात आणि एकीची सहा बाळं गेली असं जग समजतं. मग त्यांतली एक जण वय झाल्यावर पुन्हा मूल हवं म्हणते.

म्हणजे गर्भ गळणं, बाळ जाणं आणि पुन्हा आई व्हायची इच्छा धरणं, हे सगळं आपण दरवर्षी भर सभेत, सासू-सुना आणि बाप-लेक शेजारी बसून ऐकतो. घरी आल्यावर मात्र हाच विषय कुजबुजीत जातो. "तिचे दिवस गेले म्हणे," एवढं वाक्य, तेही स्वयंपाकघरात.

गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी तिघीचौघींनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. गर्भ गेला, आता पुन्हा कधी प्रयत्न करावा, कुठलं व्रत करावं, आणि हे माझ्याच कर्माचं फळ आहे का? मी डॉक्टर नाही आणि पंडितही नाही. पण आगमांत आणि इतिहासात या प्रश्नाबद्दल बरंच सापडतं, ते आज एका जागी मांडते.

कल्पसूत्र पहिल्यांदा कुणासाठी वाचलं गेलं?

कल्पसूत्र पूर्वी फक्त साधू आपापसांत वाचत. ते श्रावकांसमोर पहिल्यांदा कधी वाचलं गेलं, याची कथा टीकाग्रंथांत आहे. आनंदपूर, म्हणजे आजचं उत्तर गुजरातमधलं वडनगर, तिथे ध्रुवसेन नावाचा राजा होता. पर्युषणाच्या सुमारास त्याचा लाडका मुलगा सेनांगज वारला. राजा शोकात बुडाला आणि उपाश्रयात येईना. त्याचं दुःख हलकं व्हावं म्हणून सभेत कल्पसूत्र वाचलं गेलं आणि तेव्हापासून ते सर्वांसमोर वाचायची प्रथा पडली.

सालाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. कल्पसूत्रातच वीर निर्वाणानंतरची ९८० आणि ९९३ अशी दोन वर्षं दिली आहेत, म्हणजे इसवी सनाचं पाचवं शतक. वल्लभीच्या मैत्रक घराण्यातला पहिला ध्रुवसेन मात्र सहाव्या शतकातला. तो हाच राजा का, हा वाद विद्वानांनी करावा. माझ्यापुरती गोष्ट अशी, की आपल्या परंपरेने या वाचनाचं मूळ एका बापाच्या दुःखात ठेवलं आहे. ज्याचं मूल गेलं त्याला घराबाहेर बोलवायचं, सगळ्यांत बसवायचं आणि ऐकवायचं, यासाठी ते वाचन होतं.

त्रिशलेच्या महालात गाणं थांबलं

महावीर जन्मवाचनाच्या दिवशी चौदा स्वप्नं उतरतात, बोली लागते, पाळणा हलतो. त्या आनंदात त्याच्या आधीचा प्रसंग आपल्या कानावरून निघून जातो.

गर्भातल्या भगवानांना वाटलं की आपल्या हालचालीने आईला त्रास होतो, म्हणून ते अगदी निश्चल झाले. त्रिशलेला कळेना. आत्तापर्यंत हलणारा गर्भ आता हलत नाही. गर्भ कुणी नेला का, मेला का, जागेवरून सुटला का, गळाला का, अशा शंका एकामागून एक तिच्या मनात येतात. या शेवटच्या शंकेसाठी जो प्राकृत शब्द आहे तो आपल्या मराठीतल्या "गळणे"चाच पूर्वज आहे. आपण आजही गर्भ गळाला असंच म्हणतो.

मग त्रिशला काय करते? ती क्षत्रियाणी आहे, राणी आहे, तरी हाताच्या तळव्यावर गाल टेकून, जमिनीकडे बघत बसते. आणि तिच्याबरोबर सिद्धार्थ राजाचा सगळा महाल थांबतो. मृदंग बंद, वीणा बंद, टाळ्या बंद, नाटकं बंद. गर्भाचं नक्की काय झालं हे अजून कुणालाच ठाऊक नाही, तरी कुणी तिला म्हणत नाही की शुभ बोल, रडू नकोस, असं होतंच. अख्खं घर तिच्याबरोबर उदास होऊन बसतं.

भगवानांनी अवधिज्ञानाने आईची ही अवस्था जाणली आणि शरीराचा थोडासा भाग हलवला. त्रिशला आनंदली. आणि भगवानांनी गर्भातच ठरवलं की आई-वडील हयात असेपर्यंत दीक्षा घ्यायची नाही. तिसाव्या वर्षी त्यांनी घर सोडलं ते दोघं गेल्यानंतरच. गर्भासाठी आईचा जीव किती तुटतो हे तीर्थंकरांनी पाहिलं आणि त्याला मान दिला, असा मी याचा अर्थ घेते.

चौदाव्या-पंधराव्या शतकांत गुजरात-राजस्थानात कल्पसूत्राच्या ज्या सचित्र पोथ्या तयार झाल्या, त्यांत त्रिशलेचा शोक आणि त्रिशलेचा आनंद हे प्रसंग पुन्हा पुन्हा रंगवलेले दिसतात. सोनं आणि निळा रंग महाग, पान लहान, कोणता प्रसंग घ्यायचा हे नीट ठरवावं लागे. तरीही त्या काळच्या श्रावकांनी आणि चित्रकारांनी या शोकाला पान दिलं.

देवानंदेच्या कुशीतले ८२ दिवस

ज्या गर्भासाठी त्रिशला रडली, तो आधी ब्राह्मणी देवानंदेच्या कुशीत होता. ८२ दिवस झाले आणि ८३व्या दिवसाच्या रात्री, आश्विन वद्य त्रयोदशीला, शक्रेंद्राच्या आज्ञेने हरिणैगमेषी देवाने तो त्रिशलेच्या कुशीत ठेवला. ८२ दिवस म्हणजे गर्भ राहिल्यापासूनचे. आजचे डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्या हिशोबाने जवळजवळ चौदावा आठवडा.

सूत्र म्हणतं की त्या रात्री देवानंदेने पाहिलं, आपली चौदा स्वप्नं त्रिशला घेऊन चालली आहे. ती जागी झाली. यापुढे कल्पसूत्र त्रिशलेकडे वळतं.

मला अनेक वर्षं वाटे की देवानंदेचं पुढे काय झालं असेल. त्याचं उत्तर भगवतीसूत्राच्या नवव्या शतकात, म्हणजे नवव्या भागात आहे. पुष्कळ वर्षांनी भगवान ब्राह्मणकुंडग्रामी आले तेव्हा ऋषभदत्त आणि देवानंदा दर्शनाला गेले. भगवानांना पाहताच देवानंदेच्या अंगावर रोमांच उभे राहिले, डोळे भरून आले आणि स्तनांतून दूध वाहू लागलं. गौतमस्वामींनी आश्चर्याने कारण विचारलं. भगवानांनी भर समवसरणात सांगितलं की देवानंदा माझी माता आहे, मी तिचा पुत्र आहे. पुढे तिने दीक्षा घेतली, अकरा अंगांचा अभ्यास केला आणि मोक्षाला गेली.

तिने त्या मुलाला जन्म दिला नव्हता, वाढवलंही नव्हतं. कुशीत धरले ते ८२ दिवस. तरी भगवान तिला माता म्हणाले. अकराव्या आठवड्यात ज्या मैत्रिणीचा गर्भ गेला तिला लोक म्हणतात, "अजून काही झालंच नव्हतं." तिने हा प्रसंग जरूर वाचावा.

सुलसेवर लहानपणीच बसलेला शिक्का

आता अंतगडसूत्राकडे येऊ. त्याचे आठ वर्ग आणि नव्वद अध्ययनं स्थानकात आठ दिवसांत वाचतात. तिसऱ्या वर्गात, गजसुकुमालाच्या अध्ययनात, सुलसा आणि देवकी येतात.

आधी एक गोंधळ दूर करते. सुलसा नावाच्या दोघी आहेत. सोळा सतींमधली सुलसा राजगृहीची, भगवान महावीरांच्या काळातली. ही दुसरी सुलसा भद्दिलपूरची, भगवान अरिष्टनेमींच्या काळातली. दोघींच्या नवऱ्यांचं नाव नाग आणि दोघींच्या कथेत हरिणैगमेषी, म्हणून घोटाळा होतो.

भद्दिलपूरची सुलसा लहान असताना एका नैमित्तिकाने सांगितलं की ही मुलगी णिंदू होईल. णिंदू म्हणजे जिची बाळं मेलेली जन्मतात ती. इतक्या जुन्या भाषेत यासाठी वेगळा शब्द होता, म्हणजे असा अनुभव बऱ्याच जणींच्या वाट्याला येत असणार. आणि शब्दाचा शिक्का कसा बसतो तेही दिसतं. लग्न नाही, गर्भ नाही, तरी त्या लहान मुलीला हे नाव मिळालं.

सुलसेने हरिणैगमेषीची मूर्ती करवली. रोज सकाळी स्नान करून, ओल्या वस्त्रांनी ती फुलं वाहायची आणि मगच जेवायची. देव प्रसन्न झाला. पण त्याने काय केलं ते नीट ऐका. तिचा मेलेला गर्भ त्याने जिवंत केला नाही. आपल्या सिद्धांताप्रमाणे कुठल्याही देवाला ते शक्य नाही, कारण आयुष्य कर्म ज्याचं त्याचं असतं. त्याने एवढंच केलं की सुलसा आणि देवकी एकाच वेळी गर्भवती होतील आणि एकाच वेळी प्रसूत होतील असं पाहिलं. मग सुलसेची निष्प्राण बाळं देवकीजवळ आणि देवकीची जिवंत बाळं सुलसेजवळ ठेवली. असं सहा वेळा झालं.

सुलसेची ती सहा बाळं, जी देवकीच्या शेजारी ठेवली गेली, त्यांचं नाव कुठे नाही. पण ती कथेत आहेत, आणि त्यांच्यासाठी देवकी रडली असणार. दुसरीच्या बाळांसाठी, आपली समजून.

देवकीची इच्छा आणि कृष्णाचा तेला

देवकीच्या दारी एकदा दोन मुनी गोचरीला आले. थोड्या वेळाने तसेच दोन, मग पुन्हा तसेच दोन. तिला वाटलं तेच परत येताहेत, द्वारकेत भिक्षा मिळेना की काय! विचारल्यावर कळलं की हे सहा सख्खे भाऊ आहेत, दिसायला एकसारखे. तिच्या मनात शंका आली आणि ती भगवान अरिष्टनेमींकडे गेली. त्यांनी खरं सांगितलं की हे तुझेच पुत्र. ती त्या सहा मुनींना वंदन करायला गेली तेव्हा, देवानंदेसारखंच, तिला पान्हा फुटला.

घरी येऊन ती उदास बसली. सात मुलगे झाले, पण एकाचंही बाळपण मला मिळालं नाही, एकालाही मी दूध पाजलं नाही, मांडीवर घेतलं नाही. कृष्ण आहे, तोही सहा महिन्यांनी एकदा पाया पडायला येतो. धन्य त्या आया, ज्यांची बाळं बोबडं बोलत कुशीत शिरतात!

तेवढ्यात कृष्ण वासुदेव वंदन करायला आले. आई उदास दिसली तेव्हा त्यांनी कारण विचारलं, आणि तिने सांगितलं. तीन खंडांच्या त्या राजाने आईला म्हटलं नाही, की आता या वयात कशाला, किंवा तुला सहा मुनी पुत्र आहेत त्यात समाधान मान. मला धाकटा भाऊ होईल असा प्रयत्न मी करतो, असं सांगून ते पौषधशाळेत गेले, अठ्ठम केला, म्हणजे आपण तेला म्हणतो ते तीन उपवास, आणि हरिणैगमेषीला आळवलं.

मैत्रिणींनो, इथे थांबा. मूल आईला हवं होतं आणि उपवास मुलाने केले. आपल्याकडे काय होतं? दिवस राहत नाहीत किंवा राहिलेले गेले, की ओळी कर, आयंबिल कर, एकासणं धर, हे सगळं सुनेला सांगितलं जातं. जिचं रक्त गेलंय, हिमोग्लोबिन उतरलंय, तिनेच पारण्याची वाट पाहायची. अंतगडात तपाचा भार घरच्या पुरुषाने उचलला आहे. तप करणाऱ्या बहिणीची मी निंदा करत नाही, आपल्या श्रद्धेने आणि शक्तीप्रमाणे जरूर करावं. पण "व्रत तिनेच करायचं" असा नियम निदान या सूत्रात तरी नाही.

देवाने कृष्णाला सांगितलं की भाऊ होईल, पण तारुण्यात येताच तो दीक्षा घेईल. देवकीला गजसुकुमाल झाला. त्याचं बाळपण तिला भरभरून मिळालं. पुढे त्याने दीक्षा घेतली आणि पहिल्याच रात्री स्मशानात ध्यान करताना सोमिलाने डोक्यावर निखारे ठेवले, तो समतेने मोक्षाला गेला, हे आपण जाणतोच. पुन्हा प्रयत्न केला म्हणजे सगळं आपल्या मनासारखं होईल, असं आश्वासन सूत्राने देवकीलासुद्धा दिलेलं नाही. पण तिची इच्छा चुकीची होती, असंही ते कुठे म्हणत नाही.

मथुरेचा दगड

या कथांत सारखा येणारा हरिणैगमेषी फक्त पोथीत राहिला नाही. आपल्यासारख्याच बायकांनी त्याला कधीतरी हात जोडले होते, याचा पुरावा जमिनीतून निघाला आहे.

मथुरेला कंकाली टीला नावाची टेकडी आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे खोदकाम झालं आणि जैन स्तूपाचे अवशेष, आयागपट, तीर्थंकरांच्या मूर्ती, शिलालेख असं भांडार सापडलं. त्यांत एका तुटलेल्या शिल्पपटावर बोकडाच्या तोंडाचा एक देव आसनावर बसला आहे, जवळ स्त्रिया उभ्या आहेत आणि खाली ब्राह्मी अक्षरांत त्याचं नाव कोरलं आहे, भगवा नेमेसो. दुसऱ्या बाजूला नाचगाणं करणाऱ्या स्त्रिया आहेत. गेऑर्ग ब्यूलर यांनी १८९४ च्या सुमारास हा पट अभ्यासून प्रसिद्ध केला आणि हा आपल्या कल्पसूत्रातल्या गर्भहरणाचा प्रसंग असावा असं मत मांडलं. काही विद्वानांना ते पटलं नाही, पण हा नैगमेष आहे याबद्दल शंका नाही, कारण नावच लिहिलं आहे. पट जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि लखनौच्या राज्य संग्रहालयात ठेवलेला आहे.

मथुरेत याच देवाच्या आणखी मूर्ती मिळाल्या, कुठे त्याच्याबरोबर लहान मुलं आहेत. कंकाली टीलाच्या शिलालेखांत दान देणाऱ्या स्त्रियांची नावं कितीतरी आहेत, कुणाची तरी मुलगी, सून, पत्नी, आई म्हणून. पुढे गुप्तकाळाच्या आसपास अहिच्छत्र, राजघाट, पाटण्याजवळचं कुम्रहार अशा ठिकाणी बोकडतोंड्या देवाच्या आणि देवीच्या लहान मातीच्या मूर्ती सापडल्या. दगडाची मूर्ती श्रीमंताची, मातीची कुणालाही घेता येणारी. गर्भ टिकावा, बाळ जगावं, ही धास्ती गरीब-श्रीमंत सगळ्यांच्या घरी होती.

तो देव फक्त आपला होता असंही नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बाळांना पीडा देणारे नऊ ग्रह सांगितले आहेत, त्यांत नैगमेष आहे. महाभारताच्या परंपरेत तो कार्तिकेयाशी जोडलेला आहे. एकाच देवाची कुणाला भीती, कुणाला आशा. सुश्रुतसंहितेने गर्भ जाण्याचेही दोन भाग केले, चौथ्या महिन्यापर्यंत स्राव, पाचव्या-सहाव्या महिन्यात पात. आणि आपल्या तंदुलवेयालिय प्रकीर्णकात गर्भवासाचे दिवस मोजले आहेत, साडेदोनशे नाही, तीनशे नाही, तर २७७ दिवस आणि आणखी अर्धा. त्या काळच्या लोकांनी गर्भाकडे किती बारकाईने पाहिलं होतं ते यावरून दिसतं.

आमच्या दिगंबर मैत्रिणींकडे

सांगली-कोल्हापूरकडच्या आणि बेळगावच्या मैत्रिणी म्हणतील की आमच्याकडे गर्भहरण मानत नाहीत. बरोबर आहे. दिगंबर परंपरेत भगवान थेट त्रिशलेच्या, म्हणजे प्रियकारिणीच्या, गर्भात आले आणि स्वप्नं चौदा नाहीत तर सोळा. पण देवकीच्या बाळांची कथा तुमच्याकडेही आहे. आचार्य जिनसेनांनी शके ७०५ मध्ये, म्हणजे इ. स. ७८३ मध्ये, हरिवंशपुराण पूर्ण केलं. त्यात भद्रिलपूरच्या सेठाणीचं नाव अलका आहे, तिला मेलेली जुळी होतात आणि नैगम देव ती बदलतो. नावं बदलली, पण बाळ निष्प्राण जन्मण्याचं दुःख दोन्ही परंपरांनी जपून ठेवलं.

"तुझ्या कर्माचं फळ"

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी माझेही दिवस गेले. सोनोग्राफीत ठोके लागले नाहीत, पिशवी साफ करावी लागली. चौथ्या दिवशी मी भाजी निवडत बसले होते आणि भेटायला आलेल्या एका बाई म्हणाल्या, "मागच्या भवात कुणाचं तरी बाळ तोडलं असशील." त्या काही वाईट नव्हत्या, ऐकलेलं बोलल्या. व्याख्यानात कधी कधी देवानंदेने पूर्वभवी जावेचा रत्नांचा डबा चोरला होता असं सांगतात, तशातलंच हे.

पण कल्पसूत्र गर्भहरणाचं कारण काय देतं ते पाहा. तिथे कारण देवानंदेचं कर्म नाही, भगवानांच्या जीवाचं शिल्लक राहिलेलं गोत्र कर्म आहे. मरीचीच्या भवात कुळाचा मद केला, त्याचं ते फळ, असं परंपरा सांगते. म्हणजे जो जीव गर्भात आला त्याचंही स्वतःचं कर्म आहे, स्वतःचं आयुष्य आहे. ते संपलं की तो जातो. कर्मसिद्धांत आपण आपल्याला सावरण्यासाठी शिकतो. भाजी निवडणाऱ्या बाईवर फेकण्यासाठी तो नाही.

आजचं शास्त्रही वेगळ्या वाटेने तिथेच येतं. गर्भ राहिल्याचं कळल्यानंतर शंभरातले साधारण दहा ते वीस गर्भ टिकत नाहीत, त्यांतले बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत जातात. त्यातल्या सुमारे निम्म्या वेळी गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो, जो गर्भ धरतानाच झालेला असतो. पपई खाल्ली, जिना चढली, जड पातेलं उचललं म्हणून हे होत नाही.

पुन्हा कधी?

आता तुमचा मूळ प्रश्न. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी गर्भपातानंतर निदान सहा महिने थांबावं असं सुचवलं. ते मुख्यतः लॅटिन अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासावर आधारलेलं होतं. नंतर २०१० मध्ये स्कॉटलंडमधल्या तीस हजारांहून जास्त स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिन्यांच्या आत पुन्हा गर्भ राहिलेल्या स्त्रियांना उशिरा राहिलेल्यांपेक्षा जास्त धोका दिसला नाही, उलट पुन्हा गर्भपात कमी झाले. म्हणून आता बरेच डॉक्टर सुरुवातीच्या साध्या गर्भपातानंतर ठरावीक महिने मोजायला सांगत नाहीत. रक्तस्राव थांबला, तब्येत सावरली, मन तयार झालं की चालेल म्हणतात. तुमचा गर्भ उशिराच्या महिन्यात गेला असेल, किंवा काही आजार असेल, तर सल्ला वेगळा असेल, तो आपल्या डॉक्टरांचाच घ्या.

फोलिक ॲसिडची गोळी प्रयत्न सुरू करतानाच चालू करतात, दिवस राहिल्यावर नाही. दोन किंवा जास्त वेळा गर्भ गेला असेल तर थायरॉईड, साखर, गर्भाशयाची रचना आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या विचारा. नवऱ्यालाही बरोबर न्या, काही तपासण्या दोघांच्या असतात. आणि मोठ्या तपस्येचा विचार असेल तर पच्चक्खाण घेण्याआधी डॉक्टरांशी बोला, महासतीजींनाही खरी तब्येत सांगा. त्या कधीच बळजबरी करत नाहीत. कल्पसूत्रातही गरोदर त्रिशला फार उष्ण, फार थंड, फार तिखट, फार कडू टाळून ऋतूप्रमाणे पथ्याने राहिली असं आहे, उपाशी राहिली असं नाही.

एकदा गर्भ गेलेल्या बहुतेक जणींना पुढे बाळ होतं. मला दीड वर्षाने मुलगी झाली. पण ज्यांना झालं नाही अशाही मैत्रिणी हे वाचताहेत, म्हणून मी शेवट गोड म्हणून हे सांगत नाही. दुसऱ्या वेळचे ते पहिले तीन महिने मी प्रत्येक वेळी बाथरूमला जाताना नवकार म्हणायचे. आनंद कमी आणि भीती जास्त होती. तुम्हाला तसं वाटत असेल तर त्यात वावगं काही नाही. त्रिशलेला चौदा स्वप्नं पडली होती, पाठकांनी फळ सांगितलं होतं, तरी गर्भ हलेना तेव्हा ती घाबरलीच.

यंदा पर्युषणात वाचन ऐकायला जाताना, घरातली कुणी नुकतीच यातून गेली असेल तर तिला बरोबर न्या. सासूबाईंना शेजारी बसवा, नवऱ्याला पुढच्या रांगेत. महालातलं गाणं थांबल्याचा भाग आला की त्यांना ऐकू दे. आणि घरी आल्यावर तिने रडायचं म्हटलं तर टीव्हीचा आवाज बंद करून तिच्याजवळ बसा. सिद्धार्थ राजाच्या घरी तेवढंच केलं होतं.

जय जिनेंद्र.